मिटल्या तोंडाचं सोंग

बाजाराच्या दिवशी दुपारनंतर जव्हारच्या कॉलेजची रसायनशाळा रिकामी असे. उज्ज्वलाताईंची मंडळी तेव्हा तिथे जमायची. सगळ्यांना साखरेचा आजार, तोही लहान वयातला, रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागणारा. उज्ज्वलाताई त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत, आणि त्यांनाही शाळेत असल्यापासून हाच आजार होता. मंडळाला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती. येताना लघवीची बाटली आणायची, एवढा एकच नियम. भर बाजारातून ती बाटली पिशवीच्या तळाशी दडवून आणताना प्रत्येकाला लाज वाटायची. रसायनशाळेच्या दारातून आत आलं की ती उतरायची.

परीक्षानळीत निळं द्रावण घ्यायचं, त्यात बाटलीतले थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर लघवीत साखर नाही. साखर जशी जास्त तसा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी होत जाई, आणि फारच झाली की विटकरी गाळ खाली बसे. सगळ्यांच्या नळ्या लाकडी घोडीवर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या की कोणाचा आठवडा कसा गेला ते विचारावं लागत नसे.

"विटकरी कोणाची?"

"सोम्याची. पाड्यावर लग्न होतं."

"लग्न दुसऱ्याचं, जेवला हा," आरजू म्हणाली.

आरजू बारावी सायन्सला होती. तिचे वडील लियाकतभाई बाजारपेठेत पाट्या रंगवायचे, गणपतीच्या दिवसांत मूर्ती रंगवायचे आणि बोहाड्याच्या आधी गावोगावचे मुखवटे दुरुस्त करायचे. सोम्या मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा. आश्रमशाळेत दहावी करून तो वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर लागला होता. वर्षभरापासून ही दोघं जोडीदार होती.

जोड्या लावण्याची पद्धत सुदर्शन गेल्यानंतर सुरू झाली. सुदर्शन जामसरचा होता. तो गेला त्या दिवशी त्याची नळी स्वच्छ निळी आली, पहिल्यांदाच, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. परतताना जीपमध्ये त्याने मान टेकली. शेजारच्यांना वाटलं, पोराला डुलकी लागली. जामसरला उठवायला गेले तेव्हा तो उठला नाही.

निळा रंग सांगतो की लघवीत साखर नाही. रक्तातली किती उतरली आहे, हे सांगायला त्याच्याकडे रंग नाही. बोटाच्या रक्तावरून ते सांगणारं यंत्र मुंबईला मिळत होतं, पण त्याच्या पट्ट्या परवडणारं इथे कोणी नव्हतं. म्हणून उज्ज्वलाताईंनी प्रत्येकाला एक जोडीदार दिला आणि त्याचा चेहरा पाठ करायला लावला. दर बैठकीला जोड्या समोरासमोर बसायच्या. साखर उतरायला लागली की समोरच्यात आधी काय बदलतं, मग काय, हे न चुकता सांगता आलं पाहिजे.

"आरजूची उतरली की ती शिव्या घालते," सोम्याने एकदा सांगितलं.

"आणि चढली की?" ताईंनी विचारलं.

"तेव्हा पण घालते."

सगळे हसले. आरजूनेही हसून घेतलं, मग तिची पाळी आली. "सोम्याचा आधी खालचा ओठ पांढरा पडतो. मग तो कशालाही हो म्हणायला लागतो. तू गाढव आहेस का विचारलं तरी हो. ज्याचं उत्तर 'नाही' असायला पाहिजे, असा प्रश्न त्याला विचारायचा."

"बेस," सोम्या म्हणाला. "एरवी पण विचारते ती."

त्या वर्षीच्या पावसाळ्यात सोम्याचे वडील वारले. त्यांच्या घराकडे बोहाड्यातल्या रावणाचा मान होता. बोहाडा म्हणजे जगदंबेचा उत्सव. देवांची, राक्षसांची सोंगं नाचतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं हे पिढ्यांपासून ठरलेलं असतं. त्यांच्या पाड्यावर रावण शेवटच्या दिवशी सकाळी, सूर्य वर आल्यावर निघे, मारुतीपासून देवीच्या देवळापर्यंत. मान आता सोम्याकडे आला. चुलता होता, पुंजा, पण मान थोरल्याच्या मुलाचा.

"तू नाचणार?" आरजूने विचारलं.

"नाचणार तर. आतापासून काय होतंय मला, पाय थांबत नाय."

त्याला आजार झाल्यापासून पाड्यावर त्याच्याकडे कोणी काही मागत नव्हतं. लाकडं आणायला दुसरा जाई, भात झोडायला दुसरा. कोणी वाईट बोलत नसे. त्याला सावलीत बसवत. रावण मात्र त्याच्यावाचून निघणार नव्हता. हे त्याने आरजूला एकदाच सांगितलं, बेसिनपाशी नळ्या धुताना, तिच्याकडे न बघता.

अडचण दोन गोष्टींची होती. सोंग घेणाऱ्याला आदल्या संध्याकाळपासून उपास, आणि कपाळाला कुंकू लागल्यापासून देवळात पोचेपर्यंत मौन. उज्ज्वलाताईंनी बराच वेळ विचार केला. नको म्हणाल्या असत्या तर सोम्या त्यांना न सांगता नाचला असता, हे त्यांना दिसत होतं. शेवटी असं ठरलं की कुंकू लागायच्या आधी सोम्याने स्वतः अर्धंच इन्सुलिन टोचायचं आणि वाटीभर पेज प्यायची. पेजेचं फक्त आईला सांगायचं.

"आणि मी सोबत चालणार," आरजू म्हणाली. "ओठ बघायला."

"ओठ कुठे दिसणार?" सोम्या म्हणाला.

ते खरं होतं. चैत्रात पुंजाकाका रावणाचा मुखवटा घेऊन लियाकतभाईंच्या दुकानी आले. धोतरात बांधलेलं सोंग त्यांनी फळीवर ठेवलं आणि गाठ सोडली. मधला चेहरा मोठा, त्याच्या एका बाजूला चार लहान तोंडं, दुसऱ्या बाजूला पाच. त्यामुळे सोंग कायम एका अंगाला ओढायचं आणि नाचणाऱ्याला मान दुसरीकडे धरावी लागायची. बघायला नाकपुड्यांची दोन भोकं. तोंड मिटलेलं, मिशीखाली एक लाल रेघ.

"अब्बा," आरजू हळूच म्हणाली, "मधल्याचं तोंड उघडं करता येईल?"

लियाकतभाईंनी पुंजाकाकांकडे पाहिलं.

"कशाला?" पुंजाकाकांनी विचारलं.

"सोम्याचा चेहरा दिसेल. तब्येत कळेल त्याची. काही पाजता पण येईल."

"पाजायचं कशाला, उपास असतो." ते रागावले नव्हते. लहान पोरीला सांगावं तसं सांगत होते. "आमचा रावण देवीपुढं बोलत नाय, बाय. म्हणून तोंड मिटलेलं. माझ्या आज्यानं नाचवला, बापानं नाचवला, भावानं नाचवला. कोणी वाटेत पाणी मागितलं नाय."

"काका, त्यांना हा आजार नव्हता."

"मग देवीला सांगू, आजारी रावण पाठवलाय, जरा समजून घे?" पुंजाकाका हसले, आणि पुढचं बोलताना मात्र त्यांचा आवाज उतरला. "पोऱ्याला एवढीच एक गोष्ट आली वाट्याला. ती तरी पुरी होऊ दे ना. लियाकतभाय, रंग तेवढा बेस लाव."

लियाकतभाईंनी मिशा काळ्या केल्या, डोळ्यांत पांढरा भरला, ओठांची रेघ पुन्हा लाल ओढली.

बोहाड्याच्या शेवटच्या दिवशी आरजू, लियाकतभाई आणि उज्ज्वलाताई पहिल्या जीपने निघाले. घाटात जीपचा पट्टा तुटला. ड्रायव्हरने तो दोरीने बांधून कशीबशी गाडी चालवली. पाड्यावर पोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं आणि सांबळ वाजायला लागली होती.

आरजू आधी घराकडे गेली. सोम्याची आई, धोंडीबाई, नवं लुगडं नेसून आरतीचं ताट लावत होती. चुलीजवळ पितळी भांडं झाकून ठेवलेलं होतं. आरजूने झाकण उचललं. पेजेवर साय धरली होती. भांड्याला कोणी हात लावलेला नव्हता.

"मावशी, सोम्याने पेज नाही घेतली?"

"कुठं घेतली! कुंकू लावायला भगत अंधारातच आला ना. मी पेज काढेपर्यंत कुंकू लागलं. मग कसा पिणार?" मग तिचा चेहरा उजळला. "पन सुई नाय चुकवली. त्याला आतल्या खोलीत कपडे घालीत होते, हातांत तलवारी बांधलेल्या, मी जाऊन मांडीत दिली. मान हलवत होता नको नको. पुंजाभाऊ बोलले, औषध हाय, अन्न नाय, देवीला चालतं. दिली मग."

"किती दिली?"

"पुरी दिली. रोजची. तुम्हीच सांगितलं ना, एक दिस पन चुकवायची नाय."

हे त्यांनीच सांगितलं होतं. दोन वर्षं, जो कोणी आईबाप रसायनशाळेच्या दारात आला त्याला उज्ज्वलाताईंनी हेच सांगितलं होतं, आणि धोंडीबाईने सुईवरच्या रेघा ओळखायला शिकून ते तंतोतंत पाळलं होतं. अर्ध्याचं पाड्यावर फक्त सोम्याला माहीत होतं. तोंड उघडून "अर्धी" एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. कुंकू लागलं होतं म्हणून तो ते बोलला नाही.

आरजूने कोनाड्यातला गूळ घेतला, तांब्यात पाणी घेतलं. "मावशी, पेज घेऊन या. लवकर."

"झालं काय?"

"काल संध्याकाळपासून पोटात काही नाही आणि सुई पुरी. वर नाचतोय."

धोंडीबाईने आरतीचं ताट खाली ठेवलं.

रावण मारुतीपासून निघून निम्मी वाट आला होता. प्रत्येक घरापुढे सोंग थांबायचं, बायका ओवाळायच्या, मग पुन्हा सांबळ उठायची. सोम्याच्या अंगात लाल झगा, दोन हातांत लाकडी तलवारी. मागून दोघे जण सोंगाचे दोर धरून चालत होते. तो सुरेख नाचत होता. मान डाव्या अंगाला पेलून धरलेली, पाय ठेक्यावर अचूक, वळताना दहाही तोंडं एकदम वळायची. म्हातारी माणसं म्हणत होती, बापासारखा वळतो.

उज्ज्वलाताई पुंजाकाकांशी बोलत होत्या. वाद्यांच्या आवाजात त्यांना ओरडून बोलावं लागत होतं आणि त्यांना ओरडायची सवय नव्हती.

"देऊळ काय लांब नाय," पुंजाकाका म्हणाले. "पोचला की द्या काय द्यायचं ते. सोंग वाटेत उघडत नाय, मॅडम. उघडलं तर गावावर येतं."

"पोचेपर्यंत तो शुद्धीत राहणार नाही."

"बघा तरी, कसा नाचतो."

आरजू रावणाच्या बाजूला जाऊन चालू लागली. तिने पाठ केलेला चेहरा त्या रंगवलेल्या चेहऱ्याच्या आत होता. ओठ पांढरा पडला का, ते कळायला मार्ग नव्हता. मिशीखालची लाल रेघ तिच्या वडिलांनी ओढलेली होती आणि ती उन्हात चकचकत होती. तिने हातांकडे पाहिलं. मनगटांवर घाम होता, पण नाचणाऱ्याला घाम येतोच. तिने हात पुढे करून त्याच्या मनगटाला बोट लावलं. घाम गार होता.

पुढच्या घरापाशी तो थांबला तेव्हा उजव्या हातातली तलवार वर असायला हवी होती, ती जमिनीकडे झुकली होती. सांबळ पुन्हा उठली. त्याने पाय उचलला, एक ठोका उशिरा.

तिने नाकपुड्यांच्या भोकांजवळ तोंड नेलं. "सोम्या! मी आरजू. ऐकू येतंय?"

आतून काही आलं नाही. मौन असणार हे तिलाही माहीत होतं. धोंडीबाई पेजेचं भांडं पदराखाली धरून तिच्या मागे येऊन उभी राहिली. पुंजाकाकाही गर्दी बाजूला सारत आले.

"सोम्या, हे जव्हार आहे का?"

मुखवट्याच्या आतून, घुमून, अगदी सौम्य आवाज आला. "हो."

दोर धरणारे दचकले. पुंजाकाका जागीच थांबले.

"तुझे बाबा आलेत का नाच बघायला?"

"हो," आतला आवाज म्हणाला. "हो."

धोंडीबाईने भांडं आरजूच्या हातात दिलं. "त्यो बोलला," ती म्हणाली, कोणाला उद्देशून नाही. मग पुंजाकडे वळली. "ऐकलंत ना, भाऊ? मौन मोडलं. आता काय राहिलं झाकायचं?"

धोंडीबाईने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने मानेमागचा दोर सोडला आणि दोन्ही हातांनी सोंग वर उचललं. ते तिला पेललं नाही. एका बाजूची पाच तोंडं खाली आली, मधल्या चेहऱ्याची हनुवटी दगडावर आपटली आणि दबली.

आतला चेहरा राखेसारखा होता. खालचा ओठ पांढरा. डोळे उघडे होते पण ते कोणाकडे बघत नव्हते. आरजूने त्याला एका कुशीवर टेकवलं, गूळ पाण्यात कालवून बोटाने गालाच्या आत लावला, पुन्हा लावला. "गिळ. सोम्या, गिळ." उज्ज्वलाताई त्याच्या गळ्याकडे बघत बसल्या होत्या. गळा हलला. मग पुन्हा हलला. सांबळ कधी थांबली ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

सोम्याचे डोळे आरजूवर स्थिर व्हायला बराच वेळ लागला.

"मी गाढव आहे का?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला, आणि ओठाचा कोपरा हलला. तो आता उत्तर देत होता.

मग त्याने आपल्या आईच्या मांडीपलीकडे, दगडाशी पडलेल्या रावणाकडे पाहिलं, आणि तोंड फिरवलं.

सोंग अर्ध्या वाटेत सोडता येत नव्हतं. पुंजाकाका पुढे झाले, डोक्याचा फेटा सोडला, खाली बसून त्यांनी रावण स्वतःच्या डोक्यावर घेतला. दोर बांधले. ते नाचले नाहीत. या वयात ते जमण्यासारखं नव्हतं. नुसते चालत गेले, सांबळेशिवाय, आणि पाडा त्यांच्यामागे गेला. सोम्या आईच्या मांडीवर पेज पीत होता. त्याने ते जाताना पाहिलं नाही.

पुढच्या बाजाराला सोम्या वेळेवर आला नाही. जोडीदार आला नाही तर त्याच्या घरी जायचं, हा जोड्या लागल्यापासूनचा दुसरा नियम होता. आरजू आणि ताई जायला निघाल्या तेव्हा तोच दारात उभा होता. उशीर झाला होता, बाटलीही आणली नव्हती.

"घरात काका बोलत नाय," तो म्हणाला. "गावात म्हणतात देवीनं परत पाठवला. पुढल्या सालापासून मान चुलतभावाकडे देणार."

कोणी धीराचं बोललं असतं तर तो उठून गेला असता, हे त्या खोलीत सगळ्यांना स्वतःवरून कळत होतं. त्याच्या पलीकडे बसलेल्या मुलीने आपली नळी बाजूला सरकवून त्याच्या रिकाम्या नळीला घोडीवर जागा केली. त्या दिवसापासून उज्ज्वलाताईंनी आईबापांनाही आत बसवायला सुरुवात केली. सुई कधी चुकवायची नाही हे सांगून झाल्यावर ती कमी कधी करायची हेही सांगू लागल्या, आणि धोंडीबाई पुढे येऊन बसू लागली.

पावसाळा गेला, भातं झोडून झाली. सोम्या येत राहिला. नळी कधी हिरवी, कधी पिवळी. रावणाचं नाव तो काढत नसे.

एका बाजाराच्या दिवशी बैठक आटोपून आरजू आणि सोम्या बाजारपेठेतून येत होते, तर लियाकतभाईंच्या दुकानाच्या फळीवर धोतराचं गाठोडं होतं आणि शेजारी पुंजाकाका बसले होते. सोम्या रस्त्यातच थांबला. पुंजाकाकांनी त्याला पाहिलं, पण हाक मारली नाही.

लियाकतभाईंनी गाठ सोडली. दबलेली हनुवटी आतून फाटली होती. त्यांनी तिथला कागदाचा लगदा बोटांनी चाचपला. "काका, खालचा भाग नवाच करावा लागेल. हनुवटी, ओठ, सगळं. आधी होतं तसंच करू?"

पुंजाकाकांनी फाटलेल्या हनुवटीवरून बोट फिरवलं.

"मी चाललो ना त्याच्यातून," ते म्हणाले. "नुसतं देवळापर्यंत. आत श्वास घ्यायला होत नाय. भाऊ कसा नाचत होता काय माहीत. कधी बोलला नाय." मग ते लियाकतभाईंना म्हणाले, "तोंड उघडं ठेव."

"किती?"

पुंजाकाकांनी हाताने माप दाखवलं. "पेला लागेल एवढं."

आरजू फळीपाशी गेली. "थोडं जास्त लागेल, काका," ती म्हणाली. "खालचा ओठ दिसला पाहिजे."

पुंजाकाकांनी मान वळवून सोम्याकडे पाहिलं. तो अजून रस्त्यातच उभा होता.

"इकडं ये," ते म्हणाले. "माप तुझं घ्यायचंय."